मेलेले जव

आमच्या ड्रमफेटी या व्हिस्कीच्या डिस्टिलरीचा इतिहास शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये भिंतीवर रंगवला गेला आणि रंगाऱ्याने तो दोन दिवसांत आटपला. एकशे साठ वर्षं, रंगाचे दोन हात. मजकूर नव्या मालक कंपनीच्या पेनरोज नावाच्या साहेबाने लंडनहून टाइप करूनच आणला होता. कंपनीने डिस्टिलरी विकत घेतली तेव्हा तांब्याची भांडी, गोदामातली पिंपं आणि आम्ही सोळा माणसं तिच्या पदरात पडलो. इतिहास तेवढा तिला पसंत नव्हता, म्हणून तो नवा शिवून घेतला.

या नव्या इतिहासात काळा सँडी नावाचा एक वीरपुरुष आहे. तो डोंगरातल्या गुहेत चोरून व्हिस्की गाळतो, सरकारी शिपायांच्या हातावर तुरी देतो आणि विधवांना फुकट पाजतो. सँडी मॅकहार्डी आमच्याकडे होऊन गेला हे खरं आहे. पण दरीतल्या अकरा घरांनी आपापली व्हिस्की गाळायची भांडी कुठे पुरून ठेवलीत हे शिपायांना दाखवून दर भांड्यामागे पाच पौंड बक्षीस घेणारा तोच, आणि शेजाऱ्यांची भांडी फुटल्यावर सरकारी परवाना काढून पहिली राजरोस डिस्टिलरी घालणाराही तोच. माझ्या खापरपणजोबाचं भांडं त्यातच गेलं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मी पेनरोजला सगळं सांगितलं. त्याने मान डोलावत ऐकून घेतलं, फारच रंजक आहे म्हणाला, आणि रंगाऱ्याला सँडीच्या मिशा थोड्या मोठ्या करायला सांगितल्या.

बाटलीच्या पाठीवर काय छापलं होतं तेही ऐका. समुद्राची खारी झुळूक, जुन्या चामड्याचा गंध आणि मधात भिजलेली रानफुलं. समुद्र आमच्यापासून चाळीस मैलांवर आहे. आमच्या व्हिस्कीला जवाची चव असते, पाठोपाठ थोडा धूर लागतो, आणि पिंप चांगलं असलं तर शेवटी थोडी गोडी राहते. एवढं पुरेसं आहे. पूर्वी रोज सकाळी कामावर येताना आणि संध्याकाळी सुटताना मॅनेजर आम्हा प्रत्येकाला बैलाच्या शिंगातून एकेक घोट द्यायचा, आणि कोणाच्या तोंडून कधी चामड्याचं नाव निघालं नाही. आता तो घोट बंद झाला. तो बसमधून उतरणाऱ्या पाहुण्यांना मिळतो, आणि त्यांना चामडं लागतं.

मी वॉटी क्रुकशँक. माझं काम मॅशचं, म्हणजे माल्ट, मोड आणून वाळवलेले जव, दळून गरम पाण्यात कालवायचा आणि त्यातलं गोड पाणी काढून पुढे पाठवायचं. चौतीस वर्षं हेच केलं. पण ही गोष्ट माझ्या शेजाऱ्याची आहे, लुडोविक गॅरोची. डिस्टिलरीच्या मागे कामगारांसाठी दगडी घरांची एक ओळ आहे. त्यात तीन नंबरला तो, चार नंबरला मी आणि माझी बायको बेला. घरं कंपनीची. काम आहे तोवर घर, काम गेलं की महिन्याभरात सामान बाहेर.

लुडोविक माल्टवाला होता. जव दोन दिवस पाण्यात भिजवायचे, दगडी फरशीवर वीतभर जाडीचे पसरायचे आणि सात दिवस मोड येऊ द्यायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण मोड आलेले जव आतून तापतात, मुळं एकमेकांत गुंततात, आणि दर आठ तासांनी लाकडी फावड्याने उलटले नाहीत तर सगळ्याची चटई होते. नाताळ असो, रविवार असो, घरात मयत असो, जव थांबत नाहीत. लुडोविकची बायको गेली त्या दिवशीही त्याने दोनदा फरशी उलटली होती. पंचवीस वर्षं असं केल्यावर त्याचा उजवा खांदा दोन बोटं खाली उतरला. दाणा तयार झाला का हे तो चिमटीत चोळून भिंतीवर ओढून पाहायचा. खडूसारखी पांढरी रेघ उठली की झालं.

चौऱ्याहत्तर साली फरशी बंद झाली. माल्ट किनाऱ्यावरच्या कारखान्यातून ट्रकने येऊ लागला आणि लुडोविक गोदामात पिंपं ढकलू लागला. बारा वर्षं त्याने ते काम तोंडातून चकार शब्द न काढता केलं.

मग एप्रिलमध्ये पेनरोजने त्याला बोलावून घेतलं. जुनी फरशी पुन्हा चालू करायची होती, पण पाहुण्यांसाठी. लुडोविकने चौकटीची टोपी आणि वेस्टकोट घालायचा आणि दिवसातून चार वेळा, बस आली की, फावड्याने जव उलटून दाखवायचे. जव कसले, तर भाजून मारलेले. मोड यायला नको, कीड लागायला नको, तोच ढीग वर्षभर पुरला पाहिजे. शेजारच्या वाळवणीच्या खोलीत, जिथे जाळीच्या जमिनीवर माल्ट पसरून खालून पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचा, धूर द्यायचे, तिथे गालिचा अंथरून खुर्च्या मांडल्या आणि सिनेमाचा पडदा लावला. खालच्या चुलीत पीटच्या चार विटा रचून मागे लाल बल्ब बसवला. बल्बला लुकलुकता येत होतं.

लुडोविकच्या पेन्शनला दोन वर्षं होती. गोदामात आता माणूस जास्त होतोय, हेही पेनरोजने हसत हसत त्याच्या कानावर घातलं होतं.

लुडोविक त्याला काय सुनावतो याची आम्ही वाट पाहत होतो. मी तर पैज लावून बसलो होतो की टोपी पेनरोजच्या डोक्यावर उलटी बसणार. सोमवारी पहिली बस आली आणि लुडोविक टोपी घालून फरशीवर उभा होता.

मला शिसारी आली. ज्या माणसाचा हात पाहून मी माल्ट ओळखायला शिकलो, तो माणूस मेलेले दाणे इकडून तिकडे करत होता आणि डसेलडॉर्फच्या बायका त्याच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढत होत्या. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पबमध्ये तो आला की मी ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जायचो. एकदा सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय रे लुडो, उद्या घागरा घालून नाचणार आहेस का? तिकीट वाढवतील." लोक हसले. तो हसला नाही आणि चिडलाही नाही, आपला ग्लास संपवून घरी गेला. चार नंबरच्या घरातून मला त्याच्या खिडकीतला दिवा दिसायचा, आणि त्याच्याकडे बघायचीही मला लाज वाटायची. बेला म्हणाली, त्याच्या जागी तू असतास तर? मी म्हटलं, मी असतो तर फावडं पेनरोजच्या घशात घातलं असतं. असलं बोलणं मला छान जमतं.

मेच्या शेवटी एका सकाळी मी मॅशकडे निघालो होतो आणि फरशीघराच्या दारापाशी पाय थांबले. काकडीचा वास येत होता. हिरव्या, नुकत्या चिरलेल्या काकडीचा. ज्याने कधी जवाला मोड येताना पाहिलाय त्याला हा वास सांगावा लागत नाही. बारा वर्षांत तो माझ्या नाकात शिरला नव्हता.

आत गेलो. पेनरोजचे मेलेले जव गोण्यांत भरून कोपऱ्यात उभे होते. फरशीवर दुसरेच जव पसरलेले, जिवंत, दाण्यादाण्याला पांढरी मुळं फुटलेली. लुडोविकने ओळखीच्या शेतकऱ्याकडून पेरणीचे आठ पोती जव आणले होते आणि मागच्या जुन्या लोखंडी टाकीत भिजवले होते. चार दिवस झाले होते. पाहुणे येऊन फोटो काढून जात होते. पेनरोज स्वतः दोनदा येऊन गेला होता. त्याला जिवंत आणि मेलेलं यांतला फरक कळला नाही, फक्त वास कुठून येतोय म्हणून त्याने खिडक्या उघडायला लावल्या.

"हे काय चालवलंयस?" मी विचारलं. दीड महिन्यांनी त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"मला वाटलं हात विसरले असतील," लुडोविक म्हणाला. "म्हटलं बघावं."

"मग?"

"नाही विसरले."

पण पुढचा विचार त्याने केला नव्हता, आणि असली चूक माल्टवालाच करू जाणे. जव ओले केले की मागे फिरता येत नाही. सात दिवसांनी ते आगीवर गेलेच पाहिजेत, नाहीतर सडतात. आणि आगीच्या जागी गालिचा, खुर्च्या आणि लाल बल्ब होता. शेतकऱ्याकडे डिझेलवर चालणारं धान्य वाळवायचं यंत्र आहे, ते माग, असं मी सुचवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आम्ही रविवार ठरवला, कारण रविवारी पाहुण्यांचं येणं बंद असायचं. त्या आधी त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. जूनच्या अखेरीपासून मॅशचं काम कॉम्प्युटरकडे जाणार होतं, तोवर दाणा कोणता घ्यायचा हे माझ्या हातात होतं.

"सोमवारच्या मॅशमध्ये हा माल्ट घालशील?" त्याने विचारलं. "आठ पोती. कोणाला कळणारही नाही. पण एका पिंपात तरी तो असेल."

"घालीन," मी म्हणालो.

"नक्की?"

"लुडो, चौतीस वर्षं झाली. शब्द देतो."

रविवारी उजाडताच आम्ही गालिचा गुंडाळला, खुर्च्या अंगणात काढल्या, बल्ब उपटला. जाळीवर माल्ट पसरला. पीट जुन्या कोठारातून आणलं, बारा वर्षं वाळून कोरडं ठणठणीत झालेलं. लुडोविकने चूल पेटवली आणि गुडघ्यांवर बसून फुंकत राहिला. सिनेमाचा पडदा काढायचा आम्ही विसरलो. तो तासाभरात चहाच्या रंगाचा झाला, आणि तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटलं.

अकराच्या सुमारास चर्च सुटलं. आमच्या डिस्टिलरीचं टोकदार छप्पर चर्चच्या पायऱ्यांवरून समोरच दिसतं. त्यातून निळा धूर निघत होता. पाद्रीबुवांचा हात दारात हस्तांदोलन करता करता तसाच राहिला म्हणतात. लोक घरी न जाता तडक इकडे आले, रविवारच्या कपड्यांत, हातात प्रार्थनेची पुस्तकं. ज्यांचे बाप, नवरे या फरशीवर राबले होते त्या म्हाताऱ्या अंगणात काढलेल्या सिनेमाच्या खुर्च्यांवर बसल्या आणि नुसता धूर हुंगत राहिल्या. कोणी फार बोललं नाही. मला रडू येत होतं हे सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचंय त्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

पेनरोज बाराला आला, त्याच्या पुढे आगीचा बंब. बोलावणं त्यानेच धाडलं होतं. बंबावरची चारही पोरं आमच्याच दरीतली. उतरली, वर बघितलं, आणि नळी सोडायचं सोडून सिगारेटी पेटवून उभी राहिली. पेनरोजचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो लुडोविकसमोर जाऊन उभा राहिला. आता घर जाणार, हे सगळ्यांना कळत होतं, आणि लुडोविक त्यासाठी तयार होऊनच उभा होता. त्याने दाढी केली होती.

तेवढ्यात पुलावर एक बस थांबली. रस्त्याने दुसरीकडेच चाललेली. तीस-चाळीस परदेशी खाली उतरले आणि कठड्याला टेकून धुराचे फोटो काढू लागले.

पेनरोजने बसकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला आणि त्या जागी जे आलं ते मला रागापेक्षा जास्त घाण वाटलं. तो खूश झाला. त्याने लुडोविकच्या उतरलेल्या खांद्यावर हात ठेवला.

"अप्रतिम," तो म्हणाला. "दर रविवारी असं करता येईल का? अकरा वाजता, चर्च सुटताना?"

लुडोविकने हात झटकला नाही. "या माल्टचं काय करणार?" त्याने विचारलं.

पेनरोज हसला. म्हणाला, व्हिस्कीत तो कसा घालणार, प्रयोगशाळेची मान्यता लागते, चव दरवेळी सारखी यावी लागते. गुरांना घालू, पुढच्या रविवारी नवा करू. मग साक्षीदार हवा म्हणून माझ्याकडे वळला. "हा माल्ट मॅशमध्ये चालणार नाही, हो ना वॉल्टर? तुम्हीच सांगा यांना."

मला वॉल्टर कोणी म्हणत नाही. अंगणात अर्धी दरी उभी होती. लुडोविक माझ्याकडे बघत होता, आणि शांतपणे बघत होता, कारण माझं उत्तर त्याला माहीत होतं, मी शब्द दिला होता. मला एवढंच म्हणायचं होतं की चालेल, आणि मी तो घालणार आहे. फार तर त्याने मला महिनाभर आधी काढलं असतं. बेलाचा खुबा त्या वर्षी फार दुखत होता. चार नंबरच्या घराला पायऱ्या नाहीत. हे सगळं माझ्या मनात त्या वेळी आलं की नंतर मी ते शोधून काढलं, मला आजही सांगता येत नाही.

"नाही चालणार साहेब," मी म्हणालो.

लुडोविकने मान हलवली, म्हाताऱ्या माणसाला रस्ता सांगितल्यावर तो हलवतो तशी. तो आत गेला. मला वाटलं आग विझवायला गेला. नाही. आगीवर अजून दोन विटा ठेवून, माल्ट एकदा उलटून बाहेर आला, कारण अर्धवट वाळलेला माल्ट सोडून जाणं त्याला जमलंच नसतं. मग संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. गुरांसाठीचा तो माल्ट इतका सुरेख उतरला होता की मी एक दाणा चावला आणि दुसरा चावायची हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी तीन नंबरची किल्ली पेनरोजच्या टेबलावर होती. लुडोविक आठ मैलांवर बहिणीकडे राहायला गेला. दोन वर्षांचं काय झालं, पेन्शन किती कापली, मी विचारलं नाही.

जूनअखेर माझा मॅश कॉम्प्युटरने घेतला. पेनरोजने मला बोलावलं. टेबलावर टोपी ठेवली होती. तो काही बोलायच्या आत मी ती उचलली.

तर आता मी घालतो. दिवसातून चार वेळा, चौकटीची टोपी आणि वेस्टकोट. रविवारच्या धुराचंही जमलं नाही, कारण जिवंत जव करायला माल्टवाला लागतो आणि माझं नुसतं फावडं मारणं म्हणजे माल्ट करणं नव्हे. पेनरोजने यंत्र आणलंय, ते छपरातून अकरा वाजता धूर सोडतं, वासाशिवाय. काळ्या सँडीबद्दल पाहुणे विचारतात तेव्हा मी गुहेचीच गोष्ट सांगतो, आणि ती रंगवूनही सांगतो. पबमध्ये मी गेलो की पोरं घागऱ्याचं विचारतात. बरोबरच आहे त्यांचं, मीच शिकवलंय. मी तिथे जाणं सोडलं.

ऑगस्टमध्ये एका बुधवारी तीनच्या बसचे लोक आत आले आणि त्यांच्या मागे लुडोविक होता. खिडकीवर रांगेत उभा राहून तिकीट काढून आला होता. मी फावडं घट्ट धरलं. तो काहीही बोलला असता तरी मी ऐकून घेणार होतो, सगळ्यांसमोर. खरं तर मला ते हवंच होतं. लोकांनी फोटो काढले. कोणीतरी विचारलं की हे किती वेळा उलटावं लागतं, मी म्हणालो दर आठ तासांनी. लुडोविक दोरीपलीकडून माझे हात बघत होता, पूर्वी नव्या माणसाचे बघायचा तसे, कपाळाला आठी घालून.

लोक पुढच्या खोलीत गेले. तो दोरीपाशी थांबला.

"कोपर खाली घे वॉटी," तो म्हणाला. "दाणा चिरडतोय."

मी म्हणालो, "लुडो, मेलेत रे ते."

"म्हणून काय झालं?" तो म्हणाला. "खाली घे."

मी कोपर खाली घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून फरशी उलटायला लागलो, आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत तिथे उभा राहिला.